न खरवडलेला कोपरा

डोळे मिटा पाहू. मिटले? आता समजा, तुम्ही एका शेतात उकिडवे बसला आहात. नुकतंच उजाडलंय, ऊन अजून कोवळं आहे. चहूकडे मोठमोठी, खरखरीत पानं पसरली आहेत आणि त्यांच्यावरच्या दवाने तुमच्या बाह्या ओल्या झाल्या आहेत. समोर तुमच्या तळहाताएवढं एक पिवळं फूल आहे. त्याच्या पाकळ्यांखाली गोटीएवढा हिरवा भोपळा चिकटलेला दिसतो. हे मादी फूल. तुमच्या हातात दुसरं फूल आहे, त्याच्याखाली भोपळा नाही, नुसता लांब देठ. ते नर फूल. त्याच्या पाकळ्या सोलून टाका. आत पिवळ्या परागांनी माखलेला एक दांडा राहील. तो पहिल्या फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. झालं. आता पुढच्या फुलाकडे सरका. उठायचं नाही, बसल्या बसल्याच सरकायचं. कंबर दुखली? दुखू द्या. ऊन चढलं की फुलं मिटतात, आणि मिटलेल्या फुलापुढे कुणाचंच काही चालत नाही.

भिंगरी रोज सकाळी हेच करत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण घरात आणि शेतात सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. या कामाने मात्र तिला जागेवर बसवलं होतं. एका ओळीत ती, शेजारच्या ओळीत आई, त्यापलीकडे बाबा. पानांच्या बारीक काट्यांनी तिघांचेही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"आई, हे आपणच का करायचं? मागच्या वर्षी तर भोपळे आपले आपण लागत होते."

"मागच्या वर्षी लागत होते, या वर्षी लागत नाहीत. हात चालव."

खरं म्हणजे मागच्या वर्षीही कमीच लागले होते. या वर्षी तर वेल असे माजले होते की पानांखालची माती दिसत नव्हती. फुलंही भरपूर येत होती. पण फुलाखालचा तो गोटीएवढा भोपळा दोन दिवस हिरवा राही, मग टोकाकडून पिवळा पडे आणि बोट लावताच गळून हातात येई. तिघांनी मिळून कितीही घाई केली तरी चार-पाच ओळी होईपर्यंत ऊन डोक्यावर येई. बाकीचं शेत तसंच राही.

आणि हाताने केलेल्या फुलांनाही नीट फळ धरेलच असं नव्हतं. पहिले भोपळे घेऊन बाबा बाजारात गेले, तेव्हा भिंगरी सोबत होती. व्यापाऱ्याने एक भोपळा उचलला. एका बाजूने तो गोल होता, दुसऱ्या बाजूने आत दबलेला. व्यापाऱ्याने तो शेजारच्या कांदेवाल्याला दाखवला.

"काय रे, हा भोपळा आहे की कुणी याच्यावर बसलं होतं?"

कांदेवाला पोट धरून हसला. बाबाही थोडेसे हसले, आणि ते हसणं भिंगरीला अजिबात आवडलं नाही. व्यापाऱ्याने अर्धे भोपळे बाजूला काढले आणि म्हणाला, "हे गुरांना घाला."

परत येताना हातगाडीवर तेच भोपळे होते. निम्म्या वाटेपर्यंत बाबा मान खाली घालून गाडी ओढत होते. मग एकदम म्हणाले, "या हंगामात वेल धरले नाहीत, तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन टाकतो. मी शहरात कापडगिरणीत जातो. तू आणि आई मामाकडे राहा."

"आणि शाळा?"

"मामाच्या गावाला शाळा नाही की काय?"

भिंगरीने गाडीचा दांडा घट्ट धरला आणि जोर लावून ढकलायला सुरुवात केली. तिला मामा आवडायचा. पण राहायला जावं इतका नाही.

आता त्या शेताबद्दल थोडं सांगतो. भिंगरीच्या शेताला लागूनच तिच्या थोरल्या काकांचं शेत होतं. मध्ये बांध. आजोबांच्या वेळी हा बांध इतका रुंद होता की दोन माणसं गप्पा मारत त्यावरून चालत जात. त्यावर रुई होती, पिवळ्या फुलांचा तरवड होता, रानतुळस होती, बोरीची काटेरी झुडपं होती. आजोबा गेले, शेताच्या वाटण्या झाल्या. मग दर वर्षी नांगरताना काकांनी बांधाची एक बोटभर माती आपल्याकडे ओढावी, आणि ते बघून बाबांनी दोन बोटं ओढावीत. कुणी कुणाला काही म्हणत नसे. फावडंच बोलत असे. होता होता बांध इतका चिंचोळा झाला की डोक्यावर टोपली घेऊन कुणी त्यावरून निघालं, तर एक पाय या शेतात आणि एक त्या शेतात पडायचा.

मागच्या उन्हाळ्यात तेवढंही पुरेना. काका म्हणाले, तुझ्या बाजूच्या रानाचं बी माझ्या शेतात पडतं. बाबांनी रागाने आपल्या बाजूची झुडपं पेटवून दिली. दुसऱ्या दिवशी काकांनी आपल्या बाजूची रुई आणि तरवड मुळासकट उपटला. राहिला फक्त ओढ्याकडचा कोपरा. तिथे एक मोठा खडक होता, त्याला टेकून वाळलेलं बोरीचं झाड आणि भोवती काट्यांची जाळी, तिच्यात रुई-तरवडाची दोन-चार झुडपं वाचली होती. तिथे हात घालायची दोघांचीही तयारी नव्हती. काका म्हणत, तो कोपरा त्याचा, त्याने साफ करावा. बाबा म्हणत, तो दादाचा, दादाने साफ करावा. आयुष्यात पहिल्यांदाच दोघं भाऊ जमीन एकमेकांना देत होते!

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे, समोरासमोर बंद. मधे भिंगरी होती.

"भिंगरे, तुझ्या बापाला सांग, पाण्याची पाळी आज माझी आहे." बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर उभे असत.

"तुझ्या काकांना सांग, मला माहीत आहे."

"बाबा, काका म्हणतात पाळी त्यांची. काका, बाबा म्हणतात माहीत आहे." भिंगरी भराभर सांगून टाके, कारण तेवढ्या वेळात तिचं खेळणं राहायचं.

काका येता-जाता यांना फुलांपाशी वाकलेले बघत आणि हवेकडे तोंड करून म्हणत, "बघा, लोकांना आता फुलांची दाई व्हायची वेळ आली!" पण एकदा भिंगरी पाण्याचा निरोप सांगायला अचानक त्यांच्या शेतात गेली, तर काकू पानांत वाकलेली. भिंगरीला बघताच तिने हात पाठीमागे लपवला. मुठीतून सोललेल्या नर फुलाचा देठ बाहेर डोकावत होता.

"कंबर धरली म्हणून वाकले होते," काकू म्हणाली.

"आमच्या आईचीपण धरते," भिंगरी म्हणाली. काकूचा चेहरा पडला, आणि भिंगरीने घरी काही सांगितलं नाही.

मग एका सकाळी आई म्हणाली, "आज ओढ्याकडच्या कोपऱ्यातले वेल घे. तिकडे अजून कुणाचा हातच पोचला नाही."

भिंगरी खडकापाशी गेली आणि पान उचललं. पानाखाली भोपळा होता. गोटीएवढा नव्हे, चांगला नारळाएवढा, सगळीकडून गोल. दुसरं पान उचललं, तिथेही एक. शेजारी अजून एक, त्याच्या खाली गवतात दबलेला आणखी एक. तिने पानं बाजूला सारत सारत अख्खा कोपरा पाहिला.

"बाबा, इकडचे तुम्ही केलेत?"

"मी कुठला! आईने केले असतील."

"मला दोनच हात आहेत," आई पलीकडून ओरडली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी सगळ्यांच्या आधी जाऊन खडकावर बसली. एका जागी बसणं तिला किती अवघड जायचं ते तुम्हाला माहीतच आहे. ऊन पानांवर आलं. फुलं उघडली. आणि मग तिला घुमघुम ऐकू आली, कुणीतरी बंद दाराआड गाणं गुणगुणावं तशी. वाळलेल्या बोरीकडून एक काळा, जाडजूड भुंगा आला. अंगठ्याएवढा असेल. त्याच्या पंखांवर निळी झाक होती. तो नर फुलात शिरला, आत खूप वेळ धडपडला आणि बाहेर आला तेव्हा पोटापासून पायांपर्यंत पिवळा झाला होता. मग तो मादी फुलात शिरला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. त्याच्या मागून दुसरा आला. खडकाखालच्या कडक मातीतून बारीक माश्याही बाहेर पडत होत्या आणि जागा मिळेल त्या फुलात घुसत होत्या. भिंगरीला एका फुलाला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात भुंग्याची पाच-सहा फुलं होत होती. आणि त्याची कंबर दुखत नव्हती.

ती धावत जाऊन बाबांना हाताला धरून घेऊन आली.

"चावेल तो," बाबा लांबूनच म्हणाले.

"त्याला वेळ कुठे आहे?"

बाबा हळूहळू खाली बसले. भुंगा फुलांवरून उडाला, खडकाआडच्या रुईच्या जांभळट फुलांवर थोडा वेळ थांबला, तिथून तरवडावर गेला, आणि शेवटी वाळलेल्या बोरीच्या खोडाला चिकटला. खोडाला बोट जाईल एवढं गोल भोक होतं, सुताराने पाडल्यासारखं. खाली लाकडाचा भुसा सांडला होता. भुंगा आत गेला.

"हे घर आहे त्याचं," भिंगरी म्हणाली. "आपले भोपळे दीड महिना फुलतात, बाबा. बाकीचे दिवस तो काय खात असेल? ही रुई. हा तरवड."

बाबांनी खाली सांडलेला भुसा बोटाने चाळवला. "बांधावर पूर्वी हे सगळीकडे होते," ते म्हणाले. "आजोबा दुपारी बांधावर झोपायचे आणि आम्हाला म्हणायचे, आवाज करू नका, भुंगे कामावर आहेत. आम्हाला वाटायचं थट्टा करतात." मग त्यांनी जळून काळ्या पडलेल्या बांधाकडे पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला.

ते अजून तिथेच होते, तेवढ्यात पलीकडून काका आले. भिंगरीच्या डोक्यावरून बघत म्हणाले, "भिंगरे, तुझ्या बापाला सांग, उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय. हा कोपरा मोकळा करतोय मी. उंदरांचं माहेर झालंय नुसतं. पीक कमी येतंय, तर थोडी जमीन तरी वाढेल."

"तुझ्या काकांना सांग..." बाबा म्हणू लागले. काका पाठ फिरवून निघूनही गेले.

"बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना!"

"माझं ऐकेल तो? मी नको म्हटलं की आधी खोदायला लागेल. मलाच कोपरा हवाय असं वाटेल त्याला." ते उठले. "ज्याने बांध पेटवला, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला हा जाडसर, गमत्या माणूस होता. डोक्याला गमछा, तोंडात कायम बडीशेप. नांगर खाली सोडायच्या तयारीत तो म्हणाला, "बोला, कुठून सुरू करू?"

काका त्यांच्या बाजूला उभे. बाबा आपल्या बाजूला. काकू आणि आई आपापल्या शेतात हातातलं काम टाकून बघत होत्या. भिंगरी खडकावर चढून बसली होती.

"भिंगरे, उतर खाली," काका म्हणाले. "आणि तुझ्या बापाला सांग, जरा मागे सरक म्हणावं."

भिंगरी काही बोलली नाही.

"तुझ्या काकांना सांग," बाबा म्हणाले, "ट्रॅक्टर थांबवा म्हणावं."

भिंगरीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्यावर हात ठेवला.

"अगं, सांग ना!" दोघंही एकदम म्हणाले.

तिने नाही म्हणून मान हलवली. ट्रॅक्टर धडधडत होता. काकांनी बाबांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. बाबांनी चपलेने मातीत रेघ ओढली. ट्रॅक्टरवाल्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"मंडळी," तो म्हणाला, "तुमच्या अबोल्यावर माझं डिझेल जळतंय. ही पोरगी बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. आता काय ट्रॅक्टरने बोलायचं?"

आई पलीकडे पदर तोंडाला लावून हसली. काकूही हसली. बाबांचे कान लाल झाले. आणि मग, वर्षभरात पहिल्यांदाच, त्यांनी काकांकडे सरळ पाहिलं.

"दादा," ते म्हणाले. "दादा, थांब. आधी तुझ्या बाजूचे वेल बघ. मग मी तुला अडवणार नाही."

काका दचकले. 'दादा' हा शब्द त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "काय बघायचंय त्यात?" ते पुटपुटले.

भिंगरी खडकावरून थेट त्यांच्या शेतात उडी मारून उतरली आणि तिने त्यांचा हात धरला. कोपऱ्यातल्या वेलाचं पान तिने उचललं. काका बघतच राहिले. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, गोल, घट्ट भोपळे. खडकापासून जसजसं दूर जावं तसे ते कमी होत गेले, आणि वीसेक पावलांवर तर पानांखाली नुसत्या पिवळ्या, गळलेल्या गोट्या होत्या.

काकांनी काकूकडे पाहिलं. "हे तू केलेस?"

"मी?" काकू म्हणाली. "मी काट्यांत कशाला मरायला जाऊ? मी विहिरीकडच्या ओळी करते." आणि मग जीभ चावली, कारण ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती. बाबा हसू दाबायला दुसरीकडे बघू लागले.

"मग कुणी केले?"

"ऐका," भिंगरी म्हणाली, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळली. "ट्रॅक्टरवाले मामा, इंजिन बंद करा ना."

ट्रॅक्टरवाल्याने चावी फिरवली. धडधड थांबली. आणि त्या शांततेत घुमघुम ऐकू आली. एक भुंगा काकांच्या कानाजवळून गेला, त्यांनी मान आत ओढली, पण डोळे त्याच्यामागे गेले. फुलात, फुलातून बाहेर, पुढच्या फुलात. मग रुईवर. मग बोरीच्या भोकात.

काका वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. वाकलेलेच म्हणाले, "मी तरवड मुळासकट उपटला."

"मी तर पेटवून दिला," बाबा म्हणाले.

"तू आधी पेटवलास."

"तू आधी बोललास."

"झालं का सुरू?" काकू म्हणाली. पण या खेपेला दोघंही हसले.

काकांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "कोपऱ्याला हात लावायचा नाही."

मग बाबांनी एक खुंटी घेतली, बांधापासून एक लांब ढांग आपल्या शेतात टाकली, आणि तिथे ठोकली. "एवढं मी सोडलं," ते म्हणाले. "बांधाचं बांधाला परत." काकांनी ते पाहिलं. त्यांनी आपल्या बाजूला एक ढांग टाकली, जरा विचार केला, आणि अजून अर्धी टाकली. "मी थोरला आहे," ते म्हणाले. बाबा चिडले. त्यांनी आपली खुंटी उपटली आणि आणखी आत नेली. काका पुन्हा पुढे सरसावले. इतकी वर्षं बोटाबोटाने जमीन ओढणारे ते दोघं आता ढांगाढांगाने सोडत होते, आणि एकही मागे हटायला तयार नव्हता.

"पुरे!" आई ओरडली. "घराच्या उंबऱ्यापर्यंत बांध आणताय काय? खायला भोपळेपण लागतात!"

ट्रॅक्टरवाल्याला इतकं हसू आलं की बडीशेप त्याच्या घशात अडकली.

त्या हंगामात उरलेल्या ओळी दोन्ही घरांनी मिळून हाताने केल्या. काकू उघडपणे वाकत होती आणि कुणी थट्टा करत नव्हतं. कोपऱ्यातल्या भोपळ्यांनी हंगाम कसाबसा तारून नेला. बाबा म्हणाले, "एक वर्ष बघू," आणि शेत घरीच राहिलं. भिंगरीने तरवडाच्या शेंगा फोडून बांधभर बी टाकलं. काकांनी ओढ्याकाठून रुईची रोपं आणून लावली. बोरीची वाळकी लाकडं सरपणाला न नेता बांधावर उभी केली. हे सगळं लगेच झालं असं समजू नका. पहिल्या वर्षी बांध नुसता हिरवा झाला. दुसऱ्या वर्षी पिवळा झाला, आणि उभ्या लाकडांखाली भुसा सांडायला लागला.

आणि तिसऱ्या वर्षी काय झालं म्हणता? सकाळी शेतात पाऊल ठेवलं की आधी आवाज ऐकू येई, मग वेल दिसत. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमघुम. पानं उचलायची गरजच नव्हती. भोपळेच पानं बाजूला सारून वर आले होते. तोडणीच्या दिवशी दोन्ही घरं मिळून कामाला लागली. बाबा देठ कापत, काका उचलत, आई आणि काकू गाडीपर्यंत हातोहात पोचवत. तोच व्यापारी यावेळी स्वतः गाडी घेऊन शेतावर आला होता. त्याने एक भोपळा उचलला, फिरवून फिरवून पाहिला. कुठेच दबलेला नव्हता. बोटाने टिचकी मारली. टणक आवाज आला.

"असा माल आहे किती?" त्याने विचारलं.

"तुमची गाडी आहे केवढी?" बाबा म्हणाले, आणि या वेळी त्यांचं हसणं भिंगरीला फार आवडलं.

गाडी भरत आली होती, तेवढ्यात ओढ्यापलीकडचा काकडीवाला बघायला आला. तो भरलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "माझ्या काकड्या नुसत्या फुलून गळतात. बांध तर मी आरशासारखा लख्ख ठेवलाय. काय चुकतंय कळत नाही. तुम्ही काय केलंत?"

"सांगतो," काका म्हणाले. "आधी मी दीड ढांग जागा सोडली..."

"आधी मी सोडली, दादा! खुंटी कुणी ठोकली?"

"खुंटी तू ठोकलीस, पण जास्त कुणी सोडली?"

काकडीवाला एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. भिंगरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती बांधावर गेली, फ्रॉकचा ओचा केला, त्यात तरवडाच्या वाळलेल्या शेंगा भरल्या, भुंगा आत नाही ना हे नीट बघून बोरीचं एक वाळकं लाकूड काखेत मारलं, आणि ओढ्याच्या पाण्यातून पलीकडे चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?" काकडीवाल्याने विचारलं.

"तुमच्या बांधावर," ती पाण्यातून म्हणाली. "फावडं घेऊन या."